आमचं कोणतं, त्यांचं कोणतं?

एका वाचनालयाची संगणक प्रणाली आहे, असं समजू. तिच्यात एक ओळ आहे: पुस्तक उशिरा आलं तर दंड २ रुपये. सहकाऱ्याने मुख्य ब्रँचवर ती ‘दंड ५ रुपये’ केली. तुम्ही आपल्या ब्रँचवर तीच ओळ ‘दंड दिवसाला २ रुपये’ केली. संध्याकाळी तुम्ही रिबेस करायला घेता आणि गिट मध्येच थांबतं. कॉन्फ्लिक्ट आला!

नवशिक्याच्या पोटात इथे गोळा येतो. खरं तर गिटचा प्रामाणिकपणा याच क्षणी दिसतो. जे आपल्याला ठरवता येत नाही, ते ठरवल्याचा आव ते आणत नाही.

लिनक्स कर्नलचं काम ज्या बिटकीपर प्रणालीवर चालत होतं, तिची मोफत सोय बंद झाली आणि एप्रिल २००५मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. त्याच वर्षी जुलैपासून जुनिओ हमानो त्याची देखभाल करत आहेत. जगभर विखुरलेल्या माणसांनी एकाच मजकुरावर एकाच वेळी हात चालवायचा, तर असे खटके उडणारच, हे गृहीत धरूनच हे साधन घडलं.

रिबेसमध्ये गिट आधी मुख्य ब्रँचच्या टोकावर जाऊन उभं राहतं. मग तुमचे कमिट एकेक करून तिथे पुन्हा लावतं. जुने कमिट हलत नाहीत. त्यांच्या बदलांवरून नवे तयार होतात, म्हणून त्यांची ओळखही बदलते. प्रत्येक कमिट लावताना तीन मजकूर समोर असतात: त्या कमिटच्या आधीचा मूळ, मुख्य ब्रँचकडचा आणि तुमचा. एकाच बाजूने बदल केला असेल, तर गिट तो मुकाट्याने घेतं. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली, की फाइलमध्ये कोनी कंसांच्या खुणा टाकून ते थांबतं.

इथे भलेभले फसतात. वरचा भाग ‘आमचा’, खालचा ‘त्यांचा’. पण रिबेसमध्ये ‘आमचा’ म्हणजे मुख्य ब्रँचचा आणि ‘त्यांचा’ म्हणजे तुमचा स्वतःचा! गिट त्या वेळी मुख्य ब्रँचच्या जागी उभं असतं, म्हणून ही उलटापालट. हे ध्यानात न घेता ‘आमचं ठेव’ म्हणालात, तर स्वतःचेच कष्ट पुसून बसाल.

नेहमीच्या खुणांमध्ये मूळ ओळ दिसत नाही. ‘डिफ-थ्री’ ही शैली निवडली, की तीही मधोमध दिसते. ‘२ रुपये’ हे मूळ दिसलं, की उलगडा होतो: एकाने रक्कम बदलली, दुसऱ्याने पद्धत. मग ‘दिवसाला ५ रुपये’ हे तिसरंच उत्तर सुचतं. ते दोन्ही बाजूंत नव्हतं.

फाइल नीट करायची, ‘ॲड’ करायची, मग ‘कंटिन्यू’. पुढच्या कमिटला पुन्हा कॉन्फ्लिक्ट येऊ शकतो. तोच तो कॉन्फ्लिक्ट परत परत सोडवावा लागू नये, म्हणून ‘रेरेरे’ ही सोय सुरू करून ठेवावी. ती तुमचं आधीचं उत्तर लक्षात ठेवते. गोंधळ झालाच तर ‘अबॉर्ट’ म्हणावं, सगळं पूर्ववत होतं. रिबेस संपल्यावर चूक कळली, तरी ‘रिफ्लॉग’मध्ये जुन्या कमिटचा माग सापडतो. मात्र ज्या ब्रँचवर इतरांचंही काम उभं आहे, ती त्यांना न विचारता रिबेस करू नये.

कॉन्फ्लिक्ट आला नाही, म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. एकाने फंक्शनचं नाव बदललं आणि दुसऱ्याने भलत्याच फाइलमध्ये जुन्या नावाने हाक मारली, तर गिटला ओळी जुळलेल्या दिसतात, प्रोग्राम मात्र कोसळतो. म्हणून रिबेसनंतर चाचण्या चालवायच्याच.

आणि ते ‘दिवसाला ५ रुपये’? ते लिहिण्याआधी सहकाऱ्याला एक फोन करा. कदाचित वाचनालयाने एकरकमी ५ रुपयेच ठरवले असतील. ते फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं; ते त्याला विचारूनच कळतं.