चिखलातील अनामिक साक्षीदार

हिवाळ्यात शापोरा नदीला ओहोटी लागली की चोपडे ते मोरजी या पट्ट्यातील उघड्या चिखलावर तुतारी, चिखल्या आदी पाहुणे पक्षी भक्ष्य टिपताना दिसतात. या पक्ष्यांचे कौतुक सर्वांना असते. त्यांच्या आतड्यांत राहणाऱ्या चपटकृमींची दखल घ्यावी असे मात्र सहसा कोणास वाटत नाही. ही उपेक्षा शहाणपणाची नव्हे.

या कृमींचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात. अळी गोगलगायीच्या शरीरात शिरून शतपटींनी वाढते. तेथून बाहेर पडून ती कुर्लीत किंवा माशात दडते आणि तो घास पक्ष्याने गिळला की पुन्हा त्याच्या आतड्यात पोहोचते. साखळीची एक कडी तुटली तरी वंश खुंटतो. म्हणून ज्या खाडीतील गोगलगायींत असे नानाविध कृमी आढळतात, ती खाडी जिवंत समजावी. अमेरिका व मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील तीन खाड्यांच्या अभ्यासात तर परोपजीवींचे एकूण वजन तेथील पक्ष्यांहून अधिक भरले. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

नवी जाती ठरविणे हे चिकाटीचे काम आहे. काही मिलिमीटरांचा कृमी रंगवून काचपट्टीवर बसवायचा, त्याची चूषके मोजायची, पूर्वीच्या वर्णनांशी ताडून पाहायचे आणि नमुना संग्रहालयात कायमचा जपायचा. याचे मोल कोकणाने अनुभवले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीवाटे रक्त जाण्याचा विकार १९५२ साली उजेडात आला, तेव्हा त्याचे मूळ एका चपटकृमीत आढळले आणि पुढे शोध गावच्या पाण्यातील इवल्याशा गोगलगायीपर्यंत जाऊन भिडला. पक्ष्यांतील बहुतेक कृमी माणसास अपाय करीत नाहीत. परंतु कोणता निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे ओळख पटल्यावाचून कसे कळणार?

एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याची बाजू कोणी ऐकत नाही, हे गोमंतकीयास सांगावयास नको. खाडीच्या चिखलातील जीवांचेही तसेच आहे. भराव पडला की नाव मिळण्यापूर्वीच ते नाहीसे होतात आणि काय गमावले याची नोंदही उरत नाही. गोवा विद्यापीठाने व शासनाने शापोऱ्याच्या काठची ही नोंद करण्यासाठी तरुण अभ्यासकांना पाठबळ द्यावे. पाहुणे पक्षी दरवर्षी येतात. भरावाखाली गेलेला चिखल मात्र परत येत नाही.