खार सोडली, पुढे काय?

मांजराच्या तोंडातून खार वाचवली. जखम भरली. ती नीट चढू लागली. आता तिला कुठे सोडाल? जिथे सापडली, तिथेच. पनवेलची खार कर्नाळ्याच्या रानात नेऊ नये. तिचे झाड, तिची वाट इथेच आहे.

सकाळी सोडावे, म्हणजे दिवस हाती राहतो. पोट मोठे दिसते? मग ती गाभण असेल. पोट चाचपू नका, पुन्हा धरू नका. काथ्या, गवत, कापूस आणून घरटे ती स्वतःच बांधते. त्या झाडाची फांदी मात्र तोडू नका. करवंटीत पाणी आणि चार शेंगदाणे उंचावर ठेवा. मांजराला दूर ठेवा.

खारीची पिल्ले जन्मताना आंधळी असतात. आई गेली की तीही जातात. खार लंगडू लागली, तर वनखात्याला कळवा. एक खार जपली, म्हणजे तिची पिल्लेही जपली.