दाभोळ: फेरीबोटीतून उतरून पाहावं असं गाव

दाभोळ म्हटलं की पुष्कळांना अजूनही एन्रॉनच आठवतं. खरं तर तो वीज प्रकल्प खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात. आपलं दाभोळ अलीकडे, दापोली तालुक्यात. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे, डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं.

बहामनी आणि आदिलशाही काळात हे दख्खनचं मोठं बंदर होतं. अरबस्तानातून घोडे इथे उतरत, हाजींची जहाजं इथून सुटत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन 15व्या शतकात मायदेशी निघाला तो इथूनच. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी गाव जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं.

किनाऱ्याजवळची शाही मशीद 17व्या शतकातली. काळा दगड, चार मिनार, मधे मोठा घुमट. विजापूरची घडण कोकणात क्वचितच अशी दिसते. गावात तिला 'अंडा मशीद' म्हणतात. बुजुर्ग सांगतात, विजापूरची शहजादी हजला निघाली होती, पण इथून पुढे जाणं झालं नाही. मग सफरीसाठी आणलेली रक्कम तिने मशिदीला लावली. इतिहास म्हणून नाही, पण गावाची आठवण म्हणून आम्ही ही गोष्ट वर्गात सांगतो. कारण ती तोंडपाठ असलेले लोक कमी होत चाललेत आणि त्यांची मुलं-नातवंडं मुंबईत, नाहीतर आखातात.

धोपाव्याहून गाडीसकट येणारे पर्यटक मात्र सरळ दापोलीचा रस्ता धरतात. मे महिन्यात मुलांना घेऊन याल तेव्हा नमाजची वेळ सोडून अर्धा तास तिथे थांबा. पुढची फेरी असतेच.