जर्नल कोणाचे, नाव कोणाचे?

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत परवा एक मुलगा मान खाली घालून बसला होता. संगणक शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. वडील कंपनीत हेल्पर, आई धुणीभांडी करते. त्याने आपला प्रोग्रॅम मित्राला दिला, मित्राने तो जसाच्या तसा उतरवला आणि कॉलेजने दोघांनाही शून्य गुण दिले. "काका, मी तर मदतच केली. माझे काय चुकले?" हा त्याचा प्रश्न.

न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील. इथे तर स्वखुशीने दिले होते, मग चोरी कुठली? परंतु खोटे बोलू नये, हे चौथे शीलही आपण दर रविवारी ग्रहण करतो. दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घालून ते सरांपुढे ठेवणे हे खोटे बोलणेच होय. देणाऱ्याने त्या खोट्याला साथ दिली.

नावे बदलली की पकडले जात नाही, हा भ्रम आहे. अमेरिकेत बर्कले येथे प्राध्यापक ॲलेक्स आयकेन यांनी १९९४ साली 'मॉस' ही प्रणाली तयार केली. ती प्रोग्रॅममधील नावे आणि मोकळ्या जागा बाजूला सारते, उरलेल्याचे बारीक तुकडे पाडते आणि त्यांचे ठसे एकमेकांशी ताडून पाहते. मात्र साम्य दिसले म्हणजे गुन्हा ठरला असे नाही. दोन्ही प्रोग्रॅम वाचून निर्णय शिक्षकानेच घ्यायचा असतो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या 'सीएस फिफ्टी' या अभ्यासक्रमाने २०१४ साली एक चांगला नियम आणला. चूक करणाऱ्याने ७२ तासांच्या आत स्वतः कबुली दिली, तर त्या कामाचे गुण जाऊ शकतात, पण प्रकरण वरच्या शिस्तीच्या कारवाईपर्यंत नेले जात नाही. वारंवार चुकणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला होता. त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. काम परत येणे ही नामुष्की नव्हे.

माता-पित्यांनो, तुम्हाला संगणक येत नसला तरी चालेल. मुलाला एवढेच विचारा, "हा प्रोग्रॅम काय करतो, मला मराठीत समजावून सांग. ही ओळ काढली तर काय बिघडेल?" ज्याने स्वतः लिहिले तो सांगेल. आता यंत्रही प्रोग्रॅम लिहून देते, तिथेही कसोटी हीच. मुलाखतीला बसल्यावर उतरवलेले जर्नल कामाला येत नाही. मुलांनी एकत्र अभ्यास जरूर करावा, फळ्यावर रीत समजावून घ्यावी. पण लिहिताना ज्याने त्याने आपले आपण लिहावे आणि कोणाची मदत झाली ते कॉलेजला स्पष्ट सांगावे.

त्या मुलाला मी म्हटले, "मित्राला इथे घेऊन ये. तुझी वही त्याला देऊ नकोस, तुला जे कळले ते दे."

रविवारी दोघेही आले. जयभीम!