गाडी लागणारीने घाट चढवला

मला गाडी लागते. सपाट रस्त्याला नाही, पण घाट सुरू झाला की लिंबू, आल्याचा तुकडा, पिशवी आणि मिटलेले डोळे! इतके घाट चढले-उतरले, पण पाहिला एकही नाही. त्यामुळे गेल्या वर्षी मार्गशीर्षात सासूबाईंनी भीमाशंकरचं नाव काढलं, तेव्हा मला शिक्रापुरातच मळमळायला लागलं.

पाबळ, राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव असे गेलो. गाडी हे चालवत होते. डिंभे धरणाच्या पुढे चढ लागला आणि दोनच वळणांत माझं तोंड उतरलं. "मग तूच चालव," हे वैतागून म्हणाले. मी गावातल्या गावात गाडी चालवते, घाटात कधीच नाही. तरी किल्लीला हात पुढे केला. मागे सासूबाईंचा जप मोठ्याने सुरू झाला.

आणि नवल म्हणजे पोट अगदी शांत! कारण नंतर वाचलं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग वळणं सांगतो, डोळे मात्र गाडीच्या आतच अडकलेले. मेंदूचा गोंधळ उडतो. चालवणाऱ्याला वळण आधीच ठाऊक असतं. तेव्हा मैत्रिणींनो, चालवता येत नसेल तर निदान पुढे बसा, लांबच्या डोंगराकडे पाहा, मोबाइलमध्ये मान घालू नका. उपाशीही निघू नका; चतकोर भाकरी पोटात असलेली बरी.

पोखरी घाटात एका वळणावर खाली निळं पाणी पसरलेलं दिसलं. "ही आपली घोडनदी," हे म्हणाले. जिच्यावरून शिरूरलाच आपण घोडनदी म्हणतो, ती इथे अशी अडवलेली! सासूबाईंचा जप तेवढ्यापुरता थांबला.

भीमाशंकरचं देऊळ शिखरावर नाही. डोंगर चढून गेल्यावर पुन्हा पायऱ्या उतरून झाडीतल्या खोलगट भागात जायचं. भीमेचा उगम इथलाच. घोड पुढे तिलाच मिळते. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी आणलेली घंटाही इथे आहे. शेकरू मात्र दिसलं नाही.

उतार जास्त अवघड. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरायचं. ब्रेकवर सारखा पाय ठेवला तर ब्रेक तापून लागेनासे होतात. माझे तळहात घामेजले होते. समोरून एस.टी. चढत आली. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, म्हणून मी कडेला थांबले. ड्रायव्हरने जाता जाता हात केला.

मागून सासूबाईंनी विचारलं, "ओळखीचा का गं?"