शेवटच्या नळात क्लोरीन पोचतं का?

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडून येणारी कन्हान सावनेर तालुक्यात खाप्याच्या काठाने वाहते. पावसाळ्यात ती गढूळ झाली की लोक धास्तावतात आणि पाणी नितळ झालं की निर्धास्त होतात. पाणी पारखायची ही रीतच फसवी आहे. कॉलरा-टायफॉइडचे लाखो जंतू असले तरी पेल्यातलं पाणी स्वच्छच दिसतं. जुलै २०२२मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने माणसं दगावली.

गढूळपणाही घातकच. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि पाण्यातली सेंद्रिय घाण क्लोरीन फस्त करते. म्हणून आधी तुरटी, मग निवळणं, मग वाळूचा थर आणि शेवटी क्लोरीन. क्लोरीनला जंतू मारायला निदान अर्धा तास लागतो. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये ती ताजी असताना ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं ओलाव्यात उघडं राहिलं तर तो उडून जातो आणि पावडर टाकूनही उपयोग होत नाही.

पण खरी परीक्षा टाकीनंतर सुरू होते. नळ तास-दोन तासच येत असतील तर उरलेला वेळ पाइप रिकामे असतात. पाइप नालीतून गेलेला असला, त्याला बारीकशी चीर असली आणि त्यात कुणी पाणी ओढायला नळाला टिल्लू पंप लावला, तर नालीतलं पाणी आत ओढलं जातं. अशा वेळी वाटेत शिरणाऱ्या जंतूंना रोखायला पाण्यात थोडा क्लोरीन उरलेला असावा लागतो. भारतीय मानक आयएस १०५०० त्यासाठी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅमची अट घालतं. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको, अशीही अट आहे. शुद्धीकरण केंद्रावरचा चांगला आकडा मला पुरेसा वाटत नाही. वस्तीच्या टोकाच्या नळाचा आकडा हवा.

या भागाची आणखी एक बाब आहे. खाप्याजवळ मॉयल कंपनीची गुमगाव ही मँगनीजची खाण आहे आणि इथल्या खडकातच मँगनीज आहे. अशा खडकातून बोअरच्या पाण्यात ते विरघळू शकतं. हवा किंवा क्लोरीन लागला की ते काळसर होऊन भांड्यांवर डाग पाडतं. मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३. उकळण्याने जंतू मरतात, मँगनीज किंवा नायट्रेट जात नाही. ते पाण्यात आहे का, हे कळायला प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.

शेवटच्या नळाच्या क्लोरीनची तपासणी मात्र सोपी आहे. पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडीन) या रसायनाचे थेंब टाकले की पिवळा रंग यावा. रंग आलाच नाही, तर पाणी उकळून प्या आणि त्याच दिवशी नगरपरिषदेत लेखी तक्रार द्या. आपल्या वॉर्डातल्या टोकाच्या नळाचे आकडे दर महिन्याला फलकावर लावा, अशी मागणीही करा.