पापलेट घेताना वीत लावून बघा

२०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तरीही बाजारात टोपलीच्या कडेला तळहातावर मावतील अशी पिल्लं वाट्यावर विकायला असतात. कालवणाला स्वस्त पडतात म्हणून आपण घेतोही. पण त्या पिल्लाने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात! बारीक आसाच्या जाळ्यात ती सापडतात, आणि गिऱ्हाईक आहे तोवर ती बाजारात येतच राहणार. तेव्हा सरळ म्हणा, "मावशी, मोठं नसेल तर बांगडा द्या." बांगडा, तारली लवकर वाढतात, लवकर अंडी देतात, आणि चवीला कुठे कमी आहेत?

मला सगळ्यात पटतात त्या तिसऱ्या आणि कालवं. ओहोटीला खाडीत हातानेच गोळा करतात. ट्रॉलर नाही, डिझेल नाही. पाणी गाळून ती आपलं अन्न मिळवतात, त्यामुळे पाळली तरी वरून खाद्य घालावं लागत नाही. मात्र कारखान्यांचं सांडपाणी येणाऱ्या खाडीतली अजिबात नकोत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. या दिवसांत ताज्या पापलेटचा हट्ट कशाला? वलांडीवर वाळवलेले बोंबील मेमध्येच भरून ठेवा. भाजून, ठेचून, कांदा-कोकम घालून तांदळाच्या भाकरीबरोबर खा.